निगेटिव्हचं तोरण

२ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा खोका मी टेम्पोतून परत खाली ओढला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सेठ ने बोला है सब लेके जाने का." मी म्हटलं, "सेठ को बोलो, दुकान में अभी औरत जिंदा है." तो हसला.

तेवढ्यात मनोज आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली केली.

"ताई, रस्त्यात तमाशा नको. पुढच्या एक तारखेपासून गाळा मोबाइलवाल्याला द्यायचाय. खोके वडप्याला आपल्या गोडाऊनमध्ये राहतील. कोरडी जागा आहे, कॅमेरे आहेत. इथे उंदीर खातात."

"बाबांच्या काळापासून एकही निगेटिव्ह उंदराने खाल्लेली नाही."

"खाण्यासारखं काही असतं तर खाल्ली असती."

ड्रायव्हर पुन्हा हसला. मनोज माझा धाकटा भाऊ आहे. गाळा त्याच्या नावावर आहे. बाबांनीच केला. पाटी अजून बाबांची आहे, केसरीनाथ फोटो स्टुडिओ. नावावर नाही ते सगळं माझ्याकडे होतं, म्हणजे खोके. दुपारपर्यंत तेही गेले. निगेटिव्हवरून प्रिंट काढायचा एन्लार्जर तेवढा राहिला, कारण तो डार्करूमच्या भिंतीत बोल्ट मारून बसवलाय.

जेवले नाही. मनोजच्या बायकोने डबा पाठवला होता. तो तसाच परत केला.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकान रिकामं झाल्यावर मागच्या कापड कारखान्याचे लूम जास्त ऐकू येतात. भिंत थरथरते. भिंत थरथरली की एन्लार्जर थरथरतो आणि फोटोत माणसाला दोन नाकं येतात. म्हणून बाबा प्रिंट फक्त शुक्रवारी काढायचे. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. गिऱ्हाइकाने विचारलं, फोटो कधी, की बाबा म्हणायचे, शुक्रवारी. मयताचा असला तरी शुक्रवारी. लोक कुरकुर करत, पण येत.

आज ठकुबाई आली. पायरीवर बसली. आमच्याकडच्या लग्नांत धवले तीच गाते. आवाज अजून तसाच आहे, गुडघे गेले.

"बाय, मिलाला का गं माझे महादूचा फोटू?"

दरवर्षी विचारते. महादू तिचा मुलगा. लग्नासाठी मुलीकडे दाखवायला म्हणून बाबांकडे फोटो काढून घेतला, स्थळ जमलं, आणि हळदीच्या आधी खाडीत बुडाला. त्याच फोटोची मोठी प्रिंट काढून तिने घरात लावली होती. नंतरच्या पुरात ती भिंतीसकट गेली. हळद न लागता गेलेला पोरगा, असं लोक अजून म्हणतात. ही दुसऱ्यांच्या पोरांच्या हळदीला गात फिरते. विधवा आहे म्हणून हळदीला हात लावत नाही. कडेला बसते आणि गाते.

"खोके नेले," मी म्हटलं. "मनोजला विचार."

"मनोजला गोडावनाबिगर काय दिसतंय? त्याची आवस समोर उभी ऱ्हायली त तिचंबी भाडं ठरवंल."

"तुला किती वेळा सांगितलं. बाबांनी खोक्यांवर काही लिहिलं नाही. त्यांना नुसतं बघून कळायचं. मला कळत नाही."

"तुना कलत न्हाय त मना बघू दे. मी आवस हाय."

"निगेटिव्हमध्ये तोंड काळं असतं आणि केस पांढरे. आई असलीस तरी ओळखणार नाहीस."

"पांढरे केसांचा दिसंल?" ती हसली. "मंग त म्हातारा झालेला बघायला मिलंल. त्योबी बघायचाच ऱ्हायलाय."

या बाईला प्रत्येक गोष्टीचं गाणं करायचं असतं. एका फोटोसाठी एवढे खोके कोण उपसणार? मी उपसले नाहीत. माझ्याकडे वेळ नव्हता असं नाही. एकदा एकीला दिला की सगळा गाव दारात येईल, बोटं लावेल, चहा सांडेल. सांभाळायचं म्हणजे द्यायचं नाही, हे मी बाबांकडून शिकले.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाविक आला होता, मनोजचा मुलगा. दोन आठवड्यांनी त्याचं लग्न आहे. सोबत ऋतिका, होणारी बायको. तिच्या गळ्यात कॅमेरा होता, पिस्त्याच्या रंगाचा. साबणाच्या डबीसारखा दिसतो. लगेच फोटो बाहेर पडणारा.

"आत्या, हळदीला आम्ही असे चार ठेवणार," ती म्हणाली. "थीम जुन्या काळाची आहे. फोनवर काढायचेच नाहीत फोटो. सगळं खरं."

"खरं म्हणजे?"

"म्हणजे हातात धरता येतं असं. तो फील हवाय."

भाविक म्हणाला, "ठाण्याचा एक जण रोलवर पण शूट करणारे, आत्या. त्याला आता डिजिटलपेक्षा जास्त भाव आहे. तू आणि आजोबा उगीच लवकर थांबलात."

मी म्हटलं, "आजोबा मेले, भाविक. थांबले नाहीत."

तेवढ्यात तिने माझा फोटो काढला. विचारलं नाही. मशीन घरघरलं, पांढरा कागद बाहेर आला. भाविक तो पंख्यासारखा हलवू लागला. हलवू नको म्हटलं, हलवल्याने काही लवकर येत नाही, डाग पडतात. मग आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो. आधी कपाळ आलं, मग नाक. मी रागावलेली आले.

"किती छान," ती म्हणाली.

"याची निगेटिव्ह कुठे आहे?"

"नसते ना आत्या. एकच असतो. म्हणून तर स्पेशल."

एकच. हरवला की गेला, माणसासारखा. मग फोटो काढायचा कशाला? आम्ही फोटो गिऱ्हाइकाला द्यायचो आणि निगेटिव्ह ठेवून घ्यायचो. त्या माणसाचे नातेवाईक एक दिवस पुन्हा येणार हे ठाऊक असायचं. बाबा निगेटिव्हला 'बी' म्हणायचे. ही पोरं बी नसलेलं फळ खातात आणि म्हणतात, जुन्या काळची चव आहे.

फोटो या वहीत ठेवला आहे. फेकायचा होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल भाविकने फोनवर आणखी एक दाखवलं. फोनवर काढलेल्या चांगल्या, स्वच्छ फोटोवर एक बटण दाबलं की ओरखडे येतात. धूळ येते. कडा जळल्यासारख्या पिवळ्या होतात. त्यासाठी पैसे भरलेत त्याने.

माझं आयुष्य ओरखडे मिटवण्यात गेलं. बारीक ब्रश, तोही जिभेवर ओला करून टोकदार केलेला. केस पडला तर केस मिटवायचा, धुळीचा कण पडला तर कण. मयताचा फोटो असला तर डोळे उघडायचं काम माझं. घरचे म्हणायचे, आमच्याकडे दुसरा फोटो नाही, हाच आहे, तिरडीवरचा. बाबा मान उभी करून घ्यायचे आणि मी मिटलेल्या पापण्यांवर बुबुळं काढायचे. सोळाव्या वर्षापासून. बघणाऱ्याला वाटायचं, बाप आपल्याकडेच बघतोय. तो माझ्याकडे बघत असायचा.

बाबांची नखं तपकिरी होती. शेवटपर्यंत. तांदळाची भाकरी मोडली तरी फोटो धुवायच्या हायपोचा वास यायचा. एकदा पडघ्याच्या एका लग्नाचा सगळा रोल कोरा निघाला. कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नव्हती. बाबा त्या घरी जाऊन नवऱ्याच्या बापाच्या पाया पडले. हा तो जुना काळ. त्याचा फील पिस्त्याच्या रंगाच्या डबीत भरून मिळत असेल तर घ्या.

मनोजला हे बोलले. तो म्हणाला, "ताई, पोरांना आवडतंय तर तुझं काय जातंय?"

सगळं तुझ्याच गोडाऊनमध्ये गेलंय, आणखी काय जायचं राहिलं?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाविकचा फोन. "आत्या, हळदीत आजोबांचं काहीतरी हवंय. त्यांच्याशिवाय थीमला अर्थ नाही. काही घेऊ का मी?"

गॅसवर दूध होतं. डोकं आधीच फिरलेलं होतं. म्हटलं, "काय न्यायचं ते ने. सगळं नेलंच आहे तुझ्या बापाने. मला विचारू नको."

"नक्की ना?"

"नक्की."

बाबांचा कॅमेरा कपाटावर आहे. पुसून ठेवला. पुढच्या कातडी घडीला, बेलोजला, भोक आहे, पण कोणाला दिसणार?

१६ फेब्रुवारी, सोमवार

वडप्याला जाऊन आले. गोडाऊनच्या गेटवर वॉचमन म्हणाला, गेटपास? मी म्हटलं, मालकाची बहीण आहे. तो म्हणाला, मालकाच्या बहिणी इथे रोज दोन-तीन येतात, गेटपास दाखवा. मनोजला फोन लावला. उचलला नाही. शटरआड फ्रिज, सोफे, औषधांचे खोके, आणि कुठेतरी आमचे. उन्हात उभी राहून परत आले.

कॅमेरा न्यायला भाविक आला नाही. विसरला असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हळद झाली. हात अजून पिवळा आहे. साबणाने जात नाही. त्याच हाताने लिहिते आहे.

मनोजच्या बंगल्यासमोर मांडव. संध्याकाळी पोचले तेव्हा डीजे चालू होता आणि त्याच्या आवाजाखाली ठकुबाईचा धवला. मांडवाच्या एका अंगाला पांढऱ्या उजेडाची भिंत उभी केलेली, आतून दिवे लावलेली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत काळ्या पट्ट्या लटकत होत्या, कपडे वाळत घालतो तशा, चिमट्यांनी. पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. वर थर्माकोलची अक्षरं, 'आठवणी'. दारालाही त्याच पट्ट्यांचं तोरण, मध्ये मध्ये आंब्याची पानं.

जवळ जाईपर्यंत मी मानायला तयार नव्हते. मग पट्टीच्या कडेला बाबांनी कात्रीने मारलेली खाच दिसली. निगेटिव्हच्या प्रत्येक पट्टीला मारायचे.

माझ्यासमोर कोणाचा तरी बाप उलटा टांगलेला होता. त्याच्या शेजारी बाळ, त्याच्या शेजारी शाळेचा गट. एका म्हातारीचे मिटलेले डोळे, प्रिंटवर मीच उघडलेले. खाली ऋतिकाच्या मैत्रिणी पिस्त्याच्या डब्या घेऊन हसत होत्या, मागे या भिंतीचा पडदा करून.

तेवढ्यात एका पोराने फोन धरला. फोनमध्ये रंग उलटे करायची सोय असते म्हणे. त्याने फोन पट्टीपुढे नेला आणि काळी तोंडं उजळ झाली.

"ए, यो बघ! आमचा आजूस!"

मग कोणी आवरेना. सगळ्यांनी फोन काढले. डीजे कोणी बंद केला माहीत नाही. बायका हळदीच्या वाट्या टाकून भिंतीकडे धावल्या. "ही माझी सासू, बघ, नथ तीच." "आरं, यो तुलशीरामकाका, याचा एकपन फोटो घरी न्हाय." "वर कर, वर कर, त्या बाजूची पट्टी." पिवळे हात पट्ट्यांना लागत होते. ओढत होते. चिमटे तुटत होते. एक माणूस पट्टी छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन बसला. मागे पोरं एकमेकांवर हळद उडवत होती, ती पट्ट्यांवर पडत होती.

मी सरळ पाटाकडे गेले. भाविक मधोमध बसलेला, कपाळापासून पायापर्यंत हळद लागलेली. मला बघून त्याचं तोंड फुललं. म्हणाला, "आत्या, बघितलंस? आजोबांना बोलावलं सगळ्यांना घेऊन." मी त्याच्या थोबाडीत मारली.

हळदीच्या नवऱ्याला आत्याने मारलं, हे कोणी कधी ऐकलं नसेल. मनोज धावून आला. "वेड लागलंय तुला! चालती हो." भाविक गाल धरून म्हणाला, "पप्पा, राहू द्या. आत्या, मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस ने."

म्हणाले होते. कॅमेऱ्यासाठी. त्याला कुठलं कळायला.

मी खुर्चीवर चढले आणि पट्ट्या उतरवायला लागले. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. ऋतिकाने एक स्वच्छ दुपट्टा आणून खाली पसरला. मी तिच्याकडे बघितलं नाही. पट्ट्या त्यावर ठेवत गेले.

शेवटची पट्टी ठकुबाईच्या हातात होती. ती भिंतीच्या टोकाशी उभी होती, एका मुलीचा फोन डोळ्यांना लावून. बराच वेळ तशीच असावी. तिचं गाणं कधीच थांबलं होतं.

"यो हाय," ती म्हणाली. "चौकडीचा शर्ट. मीच घेतला व्हता, भिवंडीच्या बाजारातून."

मी पट्टी घेतली. उजेडात धरली. महादूच्या तोंडावर ओले पिवळे ठिपके होते, एक कपाळावर, दोन गालांवर. पोरांनी उडवलेली हळद नेमकी इथेच पडली. पुसायला गेले तर थर निघेल म्हणून हात लावला नाही. मी ओरडले, "मिळाला एकदाचा, तर त्याचंही वाटोळं केलं तुम्ही लोकांनी!"

ठकुबाई वळली. पदरात हात गुंडाळून पाटाजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने धवला पुन्हा सुरू केला, जिथे तोडला होता तिथून नाही, अगदी पहिल्यापासून. देवांना आवतण, मग पितरांना. नावं घेत होती. नवऱ्या मुलाचं नाव यायला हवं तिथे दोनदा दुसरंच आलं. म्हातारी झाली आहे, चुकते. कोणी सुधारलं नाही.

दुपट्ट्याचं गाठोडं घेऊन रिक्षाने परत आले. मनोजचा निरोप आला, उद्या लग्नाला तोंड दाखवू नको. त्याच्या खाली भाविकचा, ये. दोघांनाही उत्तर दिलं नाही.

किती पट्ट्या गेल्या, किती चिरल्या, बघायची हिंमत नाही. लोक चोरून घेऊन गेले. त्यांचेच बाप, त्यांच्याच सासवा, पण चोरी ती चोरीच.

महादूची निगेटिव्ह ब्लॉटिंग पेपरवर सुकत ठेवली आहे. डागाची सोय होईल. पिवळा डाग कागदावर पांढरा उमटतो. राखाडी रंगाने भरता येतो. कळणारही नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लूम बंद. दुकान उघडलं तेव्हा ठकुबाई पायरीवर होती. कालचंच लुगडं. मनोजच्या फ्रिजमधून परवाच फोटोच्या कागदाचं शेवटचं पाकीट आणलं होतं, गारव्यात टिकतं म्हणून तिथे ठेवलेलं. त्याची बायको म्हणायची, इडलीच्या पिठाखाली हे काय ठेवलंय? कशासाठी राखलं ते मलाही सांगता आलं नसतं. ट्रे भरले. ठकुबाई आत आली. बाहेर थांब म्हटलं, ऐकलं नाही.

लाल दिव्यात माझ्या हाताचा पिवळा रंग दिसेनासा झाला. कागद डेव्हलपरमध्ये टाकला. आधी शर्टाच्या चौकड्या आल्या, मग केस, काळेभोर, मग डोळे. ती ट्रेवर वाकली होती. श्वास पाण्याला लागत होता. कपाळावर आणि दोन्ही गालांवर पांढरे ठिपके राहिले.

हायपोतून काढला, धुतला, बाहेर उजेडात आणून काचेवर पसरला. पाणी टिपलं. ब्रश जिभेवर ओला केला, राखाडीत बुडवला आणि कपाळाशी नेला. तिने माझं मनगट धरलं. तिच्या करंगळीचं नख पिवळं होतं.

"ऱ्हाऊ दे त्ये."

"डाग आहे तो, ठकुबाई."

"डाग न्हाय. हलद हाय."

मी म्हटलं, असा अर्धवट फोटो या दुकानातून कधी बाहेर गेलेला नाही. ती म्हणाली, "मंग आज जाऊ दे." मी ब्रश धुऊन ठेवला.

वाळेपर्यंत थांब म्हटलं, तर थांबली नाही. ओलाच घेऊन गेली, दोन्ही हातांवर आडवा धरून. पायरीवर काल कोपऱ्यात बसलेला तो माणूस पट्टी घेऊन उभा होता. त्याच्यामागे आणखी काही जण. त्याला आत घेतलं. संध्याकाळी लग्नाला गेले.